वाटणीचा अधिकार कोणाला?

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

गेल्या महिन्यात असरच्या नमाजनंतर महाविद्यालयात शिकणारा एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. त्याने विचारले, "मौलाना, १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाईनची वाटणी सुचवली. यहुद्यांनी ती मान्य केली, अरबांनी नाकारली. तेव्हाच अर्धी भाकर पदरात पाडून घेतली असती तर आजचे दिवस आले असते का? मग चूक आपलीच नाही का?" जवळच बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना हा प्रश्न रुचला नाही. त्यांनी संपूर्ण यहुदी समाजाविषयी एक कठोर शब्द उच्चारला आणि विषय तिथेच संपवला.

तरुणाचा प्रश्न प्रामाणिक होता. वडीलधाऱ्यांचा संताप वेदनेतून आलेला होता. परंतु त्या तरुणाला उत्तर मिळाले नाही, आणि त्या गृहस्थांनी जे म्हटले ते आपल्या दीनला मान्य नाही. प्रस्तुत लेख त्या दोघांसाठी आहे; आणि शेवटी दिसेल त्याप्रमाणे, तो लिहिणाऱ्यासाठीही आहे.

वाटणी मांडणारे कोण होते?

२ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांना एक छोटेसे पत्र पाठवले. पॅलेस्टाईनमध्ये यहुदी लोकांसाठी राष्ट्रीय निवासस्थान स्थापन होण्यास ब्रिटिश सरकार अनुकूल आहे, असा त्याचा आशय होता. त्या दिवशी जेरुसलेम ब्रिटिशांच्या ताब्यातही नव्हते. ते उस्मानी सल्तनतीचे शहर होते. ब्रिटिश फौज तेथे डिसेंबरमध्ये पोहोचली. त्या भूमीवर राहणाऱ्या दहापैकी सुमारे नऊ माणसे अरब होती, मुस्लिम आणि ख्रिस्ती. पत्रात त्यांचा उल्लेख 'अरब' असा नव्हता. 'यहुदी नसलेले समाज' एवढीच त्यांची ओळख दिली होती. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, या धोरणाला ब्रिटिश सरकारातून ठाम विरोध करणारे एडविन माँटेग्यू हे आपले तत्कालीन भारतमंत्री होते आणि ते स्वतः यहुदी होते.

१९२२ च्या जनगणनेत पॅलेस्टाईनची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख भरली. त्यात यहुदी सुमारे चौऱ्याऐंशी हजार होते. पुढे जर्मनीत हिटलरचे राज्य आले. जीव वाचवून पळणाऱ्या यहुद्यांना जगाने दरवाजे बंद केले. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी या निर्वासितांचा विचार करण्यासाठी जमले. सहानुभूती सर्वांनी व्यक्त केली, जागा देण्यास फारच थोडे पुढे आले. ज्यांनी दरवाजे बंद केले त्यांची जबाबदारी एका छोट्या, परतंत्र भूमीवर येऊन पडली. यहुद्यांची गरज खरी होती, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर न्यायाने बोलता येणार नाही. मात्र त्या गरजेचे मोल कोणाकडून वसूल केले गेले, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

१९३६ साली अरबांनी सहा महिने हरताळ पाळला आणि उठाव केला. त्याची चौकशी करण्यासाठी लॉर्ड पील यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. पील यांनी दोन वेळा भारतमंत्रिपद सांभाळले होते. आयोगातील सर लॉरी हॅमंड हे आसामचे माजी गव्हर्नर. भारतातील मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच होते. म्हणजे पॅलेस्टाईनच्या नकाशावर पेन्सिल फिरवणारे काही हात आपल्या देशाच्या नकाशावर सराव करून गेले होते. जुलै १९३७ मध्ये आयोगाने वाटणी सुचवली. गालील आणि किनाऱ्याची सुपीक पट्टी यहुदी राज्याला; उरलेला बहुतांश भाग ट्रान्सजॉर्डनला जोडून अरब राज्याला; जेरुसलेम आणि तेथून समुद्रापर्यंतचा पट्टा ब्रिटिशांकडे. यहुदी राज्याच्या हद्दीत सुमारे सव्वादोन लाख अरब येत होते, अरब हद्दीत सुमारे साडेबाराशे यहुदी. यावर आयोगाने लोकसंख्येच्या अदलाबदलीचा उपाय सुचवला. वेळ पडल्यास सक्तीनेही. सव्वादोन लाखांच्या बदल्यात साडेबाराशे, याला अदलाबदल म्हणायचे का, हे वाचकांनीच ठरवावे. भाकर मुळीच न मिळण्यापेक्षा अर्धी बरी, ही इंग्रजी म्हण त्या अहवालातच आलेली आहे. आमच्या तरुणाच्या तोंडी तीच म्हण नकळत आली होती.

पुढच्याच वर्षी सर जॉन वुडहेड यांचा आयोग प्रत्यक्ष सीमा आखण्यासाठी गेला. तेही भारतातील सनदी सेवेत आयुष्य घालवलेले अधिकारी. त्यांना असे आढळले की पील योजनेप्रमाणे रेषा ओढली तर यहुदी राज्यातही जवळजवळ निम्मी प्रजा अरबच राहते. नोव्हेंबर १९३८ मध्ये ब्रिटिश सरकारने वाटणी अव्यवहार्य असल्याचे जाहीर केले. याच महिन्यात गांधीजींनी 'हरिजन'मध्ये यहुद्यांच्या छळाबद्दल तीव्र दुःख व्यक्त करून, तरीही ती भूमी अरबांची आहे, अशी भूमिका मांडली.

नऊ वर्षांनी प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेला. अकरा देशांची समिती नेमली गेली. तीत भारताचे प्रतिनिधी न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान होते. सात देशांनी वाटणीची शिफारस केली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी वेगळा अहवाल दिला: देश एक राहावा, त्यात अरब आणि यहुदी असे दोन घटक असावेत, नागरिकत्व सामायिक असावे, जेरुसलेम दोघांची राजधानी असावी. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी वाटणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. १० देश तटस्थ राहिले. भारताने विरोधात मत दिले. लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश असलेल्या यहुदी समाजाला सुमारे ५५ टक्के भूमी देऊ केली गेली होती. पंजाब आणि बंगाल दुभंगून तेव्हा साडेतीन महिनेही झाले नव्हते.

फिकह वाटणीविषयी काय सांगते?

'हिदाया' हा ग्रंथ मदरशात शिकलेल्या प्रत्येकाने वाचलेला असतो. त्यात वाटणीवर, म्हणजे 'किस्मत'वर, स्वतंत्र प्रकरण आहे. विद्यार्थीदशेत मला ते सर्वांत रुक्ष वाटे. आज वाटते की जगाच्या राजदूतांनी ते एकदा वाचायला हवे होते. त्यातील चार गोष्टी येथे पुरेशा आहेत.

पहिली, वाटणी भागीदारांमध्ये होते. ज्याची भागीदारी नाही तो वाटे पाडू शकतो, परंतु देऊ शकत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांना, जी वस्तू आपल्यापाशी नाही ती विकण्यास मनाई केली. धान्याच्या पोत्याला लागू होणारा हा नियम माणसांनी भरलेल्या प्रदेशाला लागू होऊ नये काय?

दुसरी, वाटे पाडणारा न्यायी, विश्वासू आणि त्या कामाचा जाणकार असावा. त्याचा त्या वाटणीत स्वार्थ नसावा.

तिसरी, जी वस्तू कापल्याने दोघांच्याही उपयोगाची राहत नाही, ती काझी सक्तीने कापत नाही. त्यासाठी सर्व भागीदारांची संमती लागते. हमामखाना, विहीर आणि जाते ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत.

चौथी गोष्ट आमच्या गोदाकाठच्या शेतकऱ्याला न शिकवताच ठाऊक आहे. विहीर कापता येत नाही, म्हणून पाळी लावतात. आज थोरल्याचा कांदा भिजतो, उद्या धाकट्याची द्राक्षबाग. फिकहमध्ये यास 'मुहायात' म्हणतात, आणि हजरत सालेह (अ.) यांच्या उंटिणीची व लोकांची पाण्याची पाळी ठरली होती, त्या कुरआनातील प्रसंगाचा आधार त्याला दिला जातो. सर अब्दुर रहमान आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा अहवाल हा मुळात पाळीचाच प्रस्ताव होता. तो कितपत चालला असता, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. परंतु विहिरीवर आधी पाळीचा विचार करायचा असतो, एवढे त्यांना कळले होते. यहुद्यांमध्येही हे कळलेले लोक होते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख यहुदा माग्नेस आणि तत्त्वचिंतक मार्टिन बूबर यांनी दोन्ही समाजांच्या एका सामायिक राज्याचा आग्रह धरला होता. त्यांचे त्यांच्याच लोकांनी ऐकले नाही.

सुलैमान (अ.) यांची सुरी

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस आहे. दोन स्त्रिया आपापली मुले घेऊन होत्या. लांडग्याने एकीचे मूल नेले. उरलेले मूल आपलेच, असे दोघी म्हणू लागल्या. हजरत दाऊद (अ.) यांनी थोरलीच्या बाजूने निवाडा दिला. नंतर त्या हजरत सुलैमान (अ.) यांच्याकडे गेल्या. त्यांनी सुरी मागवली आणि मुलाचे दोन भाग करून देतो म्हणाले. धाकटी कळवळली, असे करू नका, मूल तिचेच आहे, असे म्हणाली. मूल तिला मिळाले.

या प्रसंगाचा आधार घेऊन, वाटणी नाकारणारे अरब म्हणजे खरी आई, असे म्हणणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. प्रेषितांच्या प्रसंगाचा उपयोग वकिलीसाठी करू नये. माझे लक्ष सुरीकडे जाते. सुलैमान (अ.) यांनी ती सत्य शोधण्यासाठी उचलली, कापणे हा त्यांचा हेतूच नव्हता. कळवळ्याचा आवाज ऐकू येताच ती खाली आली. १९३७ आणि १९४७ च्या आयोगांनी सुरी कापण्यासाठीच उचलली होती, आणि कळवळ्याचा आवाज त्यांना ऐकू आला तो अडथळ्याच्या स्वरूपात. ठरावानंतर जे घडले त्यात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. पुढील वर्षांत बगदाद, येमेन, कैरो येथून लाखो यहुदीही पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून निघाले. सुरीने एकच मूल कापले नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळतो. त्याच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. हक्काचा प्रश्न एक, हिकमतीचा, म्हणजे शहाणपणाचा, दुसरा. ज्याचे घर परक्याने वाटायला काढले, त्याला नाही म्हणण्याचा हक्क होता. नाही म्हणाला म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. हिकमतीच्या बाबतीत मात्र आपण प्रामाणिक असले पाहिजे. हुदैबियात प्रेषितांनी (स.) वरकरणी उणा वाटणारा तह स्वीकारला होता, म्हणजे कमी घेणे ही प्रत्येक वेळी मानहानी नसते. परंतु तेथे तह करणारे स्वतः त्या प्रश्नाचे धनी होते. पॅलेस्टाईनच्या बाबतीत त्यांच्या नावाने बोलणाऱ्यांचे वर्तनही नितळ नव्हते. पील योजनेत अरब भाग ट्रान्सजॉर्डनला जोडायचा होता आणि तेथील अमीर अब्दुल्लाह त्या योजनेला अनुकूल होते. १९४८ नंतर पश्चिम किनारा जॉर्डनने सामील करून घेतला, गाझा इजिप्तकडे राहिली. सुमारे एकोणीस वर्षे जी भूमी अरबांच्याच हाती होती तेथेही पॅलेस्टिनींचे राज्य उभे राहिले नाही. जेरुसलेमचे मुफ्ती अमीन हुसैनी नोव्हेंबर १९४१ मध्ये हिटलरला भेटले. हा डाग कोणत्याही सबबीने धुतला जात नाही. मजलूमांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे आपल्या माणसांच्या चुका झाकणे नव्हे. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत अल्लाहने न्यायासाठी स्वतःविरुद्ध आणि आईबापांविरुद्धही साक्ष देण्याचा आदेश दिला आहे.

खैबरची खजूर

आता वडीलधाऱ्यांच्या त्या कठोर शब्दाविषयी.

अरब आणि यहुदी यांच्यातील एक वाटणी प्रेषितांच्या (स.) काळात दरवर्षी होत असे. खैबरच्या बागा यहुदी कसत आणि खजुराच्या पिकाचा अर्धा हिस्सा मदीनेला देत. पिकाचा अंदाज करण्यासाठी हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) जात. एकदा तेथील लोकांनी आपल्या स्त्रियांचे दागिने गोळा करून त्यांच्यापुढे ठेवले, की थोडे नमते घ्या. अब्दुल्लाह (रजि.) यांनी ते नाकारले. त्यांनी स्पष्ट सांगितले की माझ्या मनात तुमच्याविषयी राग आहे, पण तो मला तुमच्यावर अन्याय करू देणार नाही. अंदाज सांगून ते म्हणत, हवे तर हे तुम्ही घ्या, नाही तर मी घेतो. यावर यहुदी उद्गारले की आकाश आणि पृथ्वी अशाच न्यायावर उभी आहेत. इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुअत्ता'त हा प्रसंग आला आहे.

वाटणीची याहून नेमकी कसोटी मला माहीत नाही. वाटे पाडणाऱ्याने दुसऱ्याला निवड देऊन उरलेला वाटा स्वतः आनंदाने घ्यावा. १९४७ च्या नकाशासमोर हा प्रश्न कोणी विचारला असता, की बाजू बदलून हाच नकाशा घ्याल का, तर तो नकाशा क्षणभरही टिकला नसता.

आणि राग असूनही न्याय, हे त्या प्रसंगाचे दुसरे अंग आहे. सूरह माइदाच्या आठव्या आयतीचा आदेश हाच आहे. सूरह निसाच्या १०५ व्या आयतीपासून पुढे जो प्रसंग भाष्यकारांनी सांगितला आहे, त्यात मदीनेतील एका मुस्लिम म्हणवणाऱ्या घराण्याने चोरीचा आळ एका यहुद्यावर ढकलला होता. त्या निरपराध यहुद्याची सुटका करण्यासाठी वह्य अवतरली. एका यहुद्याची अंत्ययात्रा जाताना प्रेषित (स.) उठून उभे राहिले, आणि तो यहुदी होता असे सांगितले गेले तेव्हा, तो जीव नव्हता का, असे त्यांनी विचारले. हे आपल्या मिंबरवरून सांगितले जाते. मशिदीच्या पायरीवर मात्र आपण ते विसरतो.

आपल्या महाराष्ट्रात तर हे विसरण्याचे कारणच नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालला, असे बेने इस्राएल सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. भाषा मराठी, आडनावे दिवेकर, पेणकर, किहीमकर. शेजारच्या कोकणी मुसलमानांप्रमाणेच गावाला 'कर' जोडलेली. मुंबईत १७९६ साली त्यांनी बांधलेले पहिले प्रार्थनामंदिर 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले गेले. कोकणातील त्या गावांत यहुदी आणि मुसलमान शतकानुशतके एकमेकांच्या शेजारी राहिले. त्यांच्यामध्ये रेषा ओढण्यासाठी कोणाला आयोग नेमावा लागला नाही. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले. तेथेही त्यांच्या यहुदी असण्याविषयी धर्मगुरूंनी शंका घेतली, आणि १९६४ साली त्यांना समान मान्यतेसाठी आंदोलन करावे लागले. आजही तेथे मराठी बोलणारी घरे आहेत. 'यहुदी' या एका शब्दात शासक, सैनिक, माग्नेस आणि नवगावचा तेली या सर्वांना कोंबून शिवी देणे हा जुल्मच आहे, मग ती देणाऱ्याचे हृदय गाझासाठी कितीही रडत असो.

आपल्या दारातील नकाशा

येथे लेख संपवता आला असता. पण अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) यांची कसोटी हातात घेतल्यावर ती फक्त दूरच्या देशाला लावणे मला जड गेले.

आपल्याकडे वडील वारले की सातबाऱ्यावर वारसनोंद होते. मग बहिणींना तालुक्याच्या गावी बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. साडी-चोळी होते, जेवण होते. माहेरचे दार उघडे राहावे म्हणून ती सही करते. ज्या मेजावर वाटे पडले तेथे ती नव्हती. तिचा वाटा कोणी मोजला नाही. तिच्या भीतीला संमती म्हटले गेले. वाटे पाडणाऱ्यांनी, हवे तर तू हा घे, असे तिला एकदाही विचारले नाही. वाचकहो, हा नकाशा ओळखीचा वाटत नाही काय?

पील आयोगाचा अहवाल ज्या १९३७ साली आला, त्याच वर्षी आपल्या देशात मुस्लिम व्यक्तिगत कायदा (शरीअत) अंमलबजावणी अधिनियम संमत झाला. त्यातून शेतजमीन वगळली गेली. कायद्याने दिलेल्या या सवलतीचा आधार आजही घेतला जातो. परंतु सूरह निसाच्या सातव्या आयतीने स्त्रीचा वाटा, मालमत्ता थोडी असो वा जास्त, निश्चित केला आहे, आणि अकराव्या आयतीत हे वाटे अल्लाहने फर्ज केले आहेत. त्यातून कांद्याचे वावर कोणी वगळलेले नाही. एक वीत जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात पृथ्वींचा फास पडेल, अशी सहीह हदीस आहे. ती वाचताना आपल्याला वसाहती आठवतात. बांध आठवत नाही.

मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी दोन भावांच्या वाटणीला मला बोलावले होते. मी विहिरीची पाळी ठरवून दिली, दोघांना गळाभेट घ्यायला लावली आणि दुआ मागितली. त्यांना एक बहीण होती, हे मला ठाऊक होते. मी तिच्याविषयी विचारले नाही. घरातले वातावरण बिघडू नये, असे मला वाटले. त्या आठवड्याच्या जुम्यात मी पॅलेस्टाईनच्या मजलूमांसाठी दुआ केली होती, आणि माझा आवाज भरून आला होता. या तरुणाचा प्रश्न ऐकला त्या रात्री मला ती बहीण आठवली. मी दुसऱ्या दिवशी थोरल्या भावाकडे गेलो आणि माझी चूक सांगितली. तो रागावला. मग बराच वेळ गप्प राहिला. पुढे काय होईल ते अल्लाह जाणतो; माझ्याकडून जे तेव्हा राहिले होते ते विचारून झाले आहे.

पॅलेस्टाईनच्या भूमीचा न्याय आपल्या हाती नाही. त्यांच्यासाठी दुआ, शक्य ती मदत आणि सत्य बोलणे एवढे आपल्या हाती आहे. सत्य बोलायचे तर त्या तरुणाने जाणावे की अर्धी भाकर देणाऱ्याला आधी विचारायचे असते, भाकर कोणाची होती. वडीलधाऱ्यांनी जाणावे की मजलूमाची बाजू घेताना जीभ जालिमाची होऊ नये. आणि माझ्यासारख्याने जाणावे की वाटणीच्या बैठकीला बसण्यापूर्वी, येथे कोण आलेले नाही, हे पाहून घ्यावे.

हे अल्लाह, ज्यांची घरे हिरावली गेली त्यांना घरी पोहोचव. आमच्या रागाला न्यायाच्या मर्यादेत ठेव. आमच्या हातांत ज्यांचे वाटे अडकले आहेत, ते आमच्या मृत्यूपूर्वी त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची आम्हांस सद्‌बुद्धी दे. आमीन.